तळ्याकाठी किती जणांनी जावे

खानदेशास नद्यांची वाण कधीच नव्हती. परंतु स्थिर पाण्याच्या बाबतीत हा मुलूख कृपणच म्हटला पाहिजे. उत्तरेस सातपुडा आणि दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग यांच्यामधल्या काळ्या, खोल, उन्हाळ्यात भेगाळणाऱ्या भूमीवरून पश्चिमेची वाट धरलेली तापी, आणि तिला येऊन मिळणाऱ्या पूर्णा, वाघूर, गिरणा, बोरी, पांझरा या नद्या पावसाळ्यात दरडी कोसळवीत जे पाणी वाहून नेतात, ते आपण होऊन कोठे थांबत नाही. त्यास थांबवावे लागते. त्यामुळे या प्रांतात जेथे पाणी स्वस्थ पसरलेले दृष्टीस पडते, तेथे बहुधा कोणा ना कोणाच्या डोक्यावरची मातीची पाटी आणि कोणत्या तरी अमदानीतला हुकूम यांचा संबंध असतो. जळगावच्या कुशीतले मेहरूण, धुळ्याजवळची नकाणे आणि डेडरगाव, मुक्ताईनगर तालुक्यातले हरताळे, एरंडोलच्या पलीकडे वनात लपलेले पद्मालय, अशी थोडीच नावे चटकन ओठांवर येतात. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांच्या आसपास रेंगाळतो अशा मुलखात या पाण्याविषयी माणसाच्या मनात जी ओढ असते, ती कोकणातल्या माणसास पुरती कळणे कठीण आहे; आणि अशा तळ्याकाठी एक दिवस घालवण्याचे ठरवताना दोन समंजस माणसांतही मतभेद का व्हावा, याचा उलगडा या ओढीतूनच होतो.

ही दोन माणसे परस्परांचे व्याही होत. अप्पा धुळ्याचे, पाटबंधारे खात्यात सारी हयात घालवून निवृत्त झालेले, मितभाषी, आणि नकाशा पुढ्यात असल्यावाचून कोणत्याही प्रवासाविषयी मत न देणारे. नाना जळगावचे, शाळेत मराठी शिकवता शिकवता अर्धे शहर ज्यांचे विद्यार्थी झाले असे, आणि कोणतेही सुख चार जणांत वाटल्याखेरीज ते सुख आहे अशी ज्यांची खात्री पटत नाही असे. नानांची कन्या अप्पांच्या घरी दिलेली. ती, जावई आणि मुले पौष महिन्यात पुण्याहून येणार होती, आणि त्या निमित्ताने दोन्ही घरच्या मंडळींनी एक दिवस एखाद्या तळ्याच्या काठी काढावा, एवढ्या गोष्टीवर एकमत होते. पुढे ज्या गोष्टींवर एकमत नव्हते, त्यांची चर्चा नानांच्या ओसरीवर माझ्या समक्ष झाली. दोघांचाही माझ्यावर लोभ असल्यामुळे मी फारसे बोललो नाही; परंतु जे ऐकले ते केवळ एका कुटुंबापुरते नाही असे वाटल्यावरून येथे लिहून ठेवीत आहे.

नाना : स्थळाचा प्रश्न माझ्या मते सुटलेलाच आहे, अप्पा. पद्मालय. आपण धुळ्याहून पारोळ्यावरून यावे, आम्ही जळगावाहून निघावे, आणि एरंडोलला भेटून पुढची दहाएक किलोमीटरची वाट बरोबर कापावी. गजाननाचे दर्शन घडेल. उजव्या सोंडेची आणि डाव्या सोंडेची अशा दोन मूर्ती एकाच गाभाऱ्यात शेजारी शेजारी पाहण्याचा योग मुलांना दुसरीकडे कोठे येणार? देवळासमोर कमळांचे तळे आहे, भोवती रान आहे, जवळच भीमकुंड आहे. एरंडोल म्हणजेच महाभारतातली एकचक्रानगरी, अशी आपल्याकडची परंपरागत समजूत; तेव्हा बकासुराची कथा त्या रानात बसून सांगितली म्हणजे मुले ती जन्मात विसरणार नाहीत. परतताना पांडववाडा दाखवू, सवड राहिली तर फरकांड्याचे मनोरेही.

अप्पा : सवड राहणार नाही, आणि राहिली तरी ती तळ्यासाठी राखावी. एका दिवसात एकच पाणी पाहावे, नाना. माणूस चार स्थळे पाहावयास निघाला की तो पाहत काहीच नाही, फक्त पोहोचतो आणि निघतो. पद्मालयाला माझा विरोध नाही, जरी माझ्या मनात हरताळे होते. तेथे हिवाळ्यात पाहुणे पक्षी उतरतात आणि गर्दी बेताची असते. परंतु आधी मला हे सांगा, मंडळी किती?

नाना : आपली दोन्ही घरे, म्हणजे चौदा-पंधरा. वर आमच्या आळीतले तीन कुटुंबांचे स्नेही, थोरल्या बंधूंची सून आणि तिची मुले, आणि माझे दोन-चार जुने विद्यार्थी, जे भरीत भाजण्यात असे तरबेज आहेत की त्यांच्यावाचून चूल पेटवणे म्हणजे वांग्यांचा अपमान. चाळिसाच्या आत राहील.

अप्पा : चाळीस! तळ्याच्या काठी चाळीस माणसे नेणे ही सहल नव्हे. तो मुक्काम झाला, त्यास कनात आणि बंदोबस्त लागतो.

येथून खरा संवाद सुरू झाला. वरकरणी तो संख्येविषयी होता. परंतु थोड्याच वेळात माझ्या ध्यानात आले की पाणी कोणाचे, आणि त्याच्याजवळ माणसाने कोणत्या नात्याने जावे, या प्रश्नाकडे दोघेही आपापल्या वाटेने चालले होते.

अप्पा : मी आपणास पक्ष्यांची बाजू सांगतो, कारण ते अर्ज करू शकत नाहीत. मार्गशीर्ष-पौषात आपल्या तळ्यांवर जी बदके दिसतात, थापट्या, तलवार बदक, चक्रांग, चक्रवाक, त्यांतली बहुतेक हिमालयाच्या पलीकडून आलेली असतात. पट्टकादंब नावाचा हंस तर तिबेटच्या पठाराकडून हिमालयाची शिखरे ओलांडून येतो. एवढा प्रवास करून हे जीव येथे येतात, ते उघडे, न गोठलेले पाणी आणि खाद्य यांसाठी. यांतली पुष्कळ बदके रात्री चरतात आणि दिवसा पाण्याच्या मध्यावर विश्रांती घेतात. आपण दुपारी अकरा वाजता जाऊन काठावर गलका केला, मुलांनी खडे भिरकावले, की सारा थवा उठतो, दोन घिरट्या घालून परत बसतो, आणि पुन्हा उठतो. आपल्याला ते उडणे रम्य वाटते. त्यांच्या दृष्टीने ती परतीच्या प्रवासासाठी साठवलेल्या चरबीची उधळपट्टी असते. फाल्गुनात परत हिमालय चढावयाचा आहे, हे त्यांना ठाऊक आहे. आपल्याला ठाऊक नाही.

नाना : हे मला खरोखर ठाऊक नव्हते, आणि आपण सांगितलेत हे बरे झाले; परंतु यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. आपण म्हणता त्या हिशेबाने सर्वांत सुखी तळे ते, ज्याच्याकडे कोणी फिरकत नाही. मी उलटे पाहत आलो आहे. ज्या तळ्याकडे कोणी फिरकत नाही, त्यात प्रथम राडारोडा येतो, मग भराव येतो, आणि एके दिवशी सातबाऱ्यावर भलतेच नाव येते. त्या वेळी बोंब मारावयास माणूस नसतो, कारण त्या पाण्याशी कोणाची आठवणच जडलेली नसते. मेहरूण पाहा. एके काळी मेहरूणची बोरे मुंबईपर्यंत नावाजलेली. शहर वाढत गेले आणि त्या बोरींच्या बागा आक्रसत गेल्या. तलाव मात्र तगून आहे, आणि तो तगला त्यात लोकांचा वाटा मोठा आहे, असे माझे ठाम मत आहे. पहाटे फिरावयास जाणारी म्हातारी माणसे, गणपती विसर्जनाला लोटणारे सारे शहर, परीक्षेआधी तेथे जाऊन पाठांतर करणारी मुले, अशा हजारो माणसांच्या आयुष्यात तो शिरलेला आहे. त्याला कोणी हात लावला तर जळगाव उठून उभे राहील.

अप्पा : आणि विसर्जनानंतर त्या पाण्यात जे राहते, त्याचा हिशेब कोण ठेवतो?

नाना : तोही आता लोकच ठेवू लागले आहेत. मातीची मूर्ती, कृत्रिम हौद, निर्माल्याचे वेगळे कलश, हे सारे ज्यांचे तलावावर प्रेम आहे त्यांच्याच आग्रहाने आले ना? प्रेम नसते तर आग्रह कोणी धरला असता?

अप्पा काही वेळ गप्प बसले. हे मौन हार मानल्याचे नव्हते; बोलण्याआधी मापे घेणाऱ्या माणसाचे होते. मग त्यांनी पांझरेचा विषय काढला, आणि मला वाटते, त्या दुपारचे सर्वांत मोलाचे बोलणे ते होते.

अप्पा : आपल्या पश्चिम भागातली फडपद्धत तुम्हाला ऐकून माहीत असेल. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर कित्येक शतकांपूर्वी दगडी बंधारे घातले गेले. एका बंधाऱ्याचे सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या बंधाऱ्यास मिळे. बंधाऱ्यापासून पाट, पाटापासून चाऱ्या, आणि चाऱ्यांखाली फड. एका फडात त्या वर्षी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे, कोठे ऊस, कोठे गहू, कोठे भुसार, आणि पुढल्या वर्षी पिकांची पाळी बदलावयाची. प्रत्येक शेतकऱ्याची पट्टी बहुधा प्रत्येक फडात असे. त्यामुळे पाणी कमी पडले तर एखाद्या गरिबाचे शेत सुकत नसे. एक फडच त्या वर्षी कोरडा ठेवला जाई, आणि ती झळ सर्वांना सारखी लागे. पाटाची दारे उघडणे-मिटणे पाटकऱ्याचे, पिकाची राखण जागल्याचे, आणि त्या साऱ्यांवर हवालदार. पाणी अमुक वेळी अमुक फडास, यात धनवानाची मिजास चालत नसे. सरकारचा अंमलदार नव्हता तेव्हाही ही व्यवस्था चालत होती. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी जुन्या पाटकऱ्यांना भेटलो. अक्षरशत्रू माणसे, पण पाण्याचा हिशेब त्यांच्या बोटांच्या पेरांवर असे. सर विश्वेश्वरय्यांनी सार्वजनिक बांधकाम खात्यात पाऊल टाकल्यावर 1884 साली याच खानदेशात, साक्री तालुक्यातल्या दातर्तीजवळ, पांझरेच्या एका पाटाचे पाणी नळाने पलीकडे नेण्याचे काम हाती घेतले. भर पावसाळ्यात ते पार पाडताना त्यांची कसोटी लागली. पुढे म्हैसुरात केवढी धरणे बांधणारा हा पुरुष. त्याची पहिली उमेदवारी आपल्या पाटांवर झाली. हे मी अशासाठी सांगतो की पाण्याच्या संदर्भात 'सर्वांचे' या शब्दाला 'पाळीचे' या शब्दाची जोड असल्यावाचून अर्थ नसतो. जे पाणी सर्वांचे पण पाळीचे नाही, ते अखेर बळकटाचे होते.

नाना : पण अप्पा, आपण माझाच पक्ष मांडलात! ते पाट जगले, कारण गाव त्यांच्याशी बांधलेले होते. दरसाल पाटातला गाळ काढावयास सारे जण फावडी घेऊन उतरत; कोणी दूर राहून, जपून, चवड्यांवर चालत पाटाची भक्ती केली नाही. माणसे पाण्यात उतरली, चिखलाने भरली, भांडली, पुन्हा एका पंक्तीस बसली, आणि म्हणून पाट राहिला.

अप्पा : उतरली खरी, पण आपापल्या पाळीने उतरली. एकदम चाळीस नव्हे.

या ठिकाणी मला दोघांच्याही म्हणण्यात एकच सत्य दोन टोकांनी धरलेले दिसू लागले. नानांचे सत्य असे, की लोकसंग्रहावाचून कोणताही जलाशय सुरक्षित नाही. अप्पांचे सत्य असे, की मर्यादेवाचून लोकसंग्रह हाच जलाशयाचा शत्रू ठरतो. निफाड तालुक्यातले नांदूरमध्यमेश्वर याची साक्ष देते. गोदावरीवरचा तो बंधारा शेतीच्या पाण्यासाठी बांधला गेला; त्याच्या उथळ फुगवट्यात गाळ साठला, पाणवनस्पती वाढल्या, पक्षी येऊ लागले, आणि आज महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून ते जगाच्या दप्तरात नोंदले गेले आहे. तेथे माणसांची ये-जा आहे, भोवती शेती आहे, आणि पाहणाऱ्यांसाठी ठरावीक वाटा व मनोरेही आहेत. माणसाने बांधलेल्या पाण्यास माणूस वर्ज्य करून वाचवता येत नाही. पण त्याच्या येण्याजाण्याची रीत मात्र लावता येते. जगातल्या राष्ट्रांनी 1971 साली इराणातल्या रामसर गावी पाणथळ जागांविषयी जो करार केला, त्यातही अशा जागांचा सुज्ञपणे वापर करण्याचीच भाषा आहे. वापरू नये असे तेथे कोणी म्हटलेले नाही.

नानांनी मग आपल्या आवडीचा दाखला काढला. आणि तो काढताना त्यांचा स्वर वर्गात चढे तसा चढला.

नाना : एरंडोलहून हाकेच्या अंतरावर धरणगाव आहे. तेथे 1890 साली त्र्यंबक बापूजी ठोमरे जन्मले. निर्झर, पाखरे आणि हिरवळ यांच्याशी इतक्या निर्मळ सख्याने बोललेला कवी मराठीत दुसरा झाला नाही, असे मला अजूनही वाटते. आणि त्यांना 'बालकवी' हे नाव कोठे मिळाले? 1907 साली, याच जळगावात भरलेल्या कविसंमेलनात. एका एकांतप्रिय मुलाचे गुण जगासमोर आले, ते लोक जमले म्हणून! भादलीच्या रुळांवर 1918 साली तो जीव अकाली गेला; पण महाराष्ट्र त्याला विसरला नाही, कारण त्याच्या कवितेभोवती माणसे जमली होती. निसर्गाविषयीचे प्रेम एकट्याने उमलते हे मी मान्य करतो. टिकते मात्र चार जणांत.

अप्पा : त्या संमेलनाचे अध्यक्ष कोण होते, हे आपण सांगितले नाही.

नाना : कर्नल कीर्तिकर. डॉक्टर कान्होबा रणछोडदास कीर्तिकर.

अप्पा : तेच. ते वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हिंदुस्थानातल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा आणि बसूंचा ग्रंथ आमच्या खात्यातल्या एका वरिष्ठांपाशी होता. एकेका पानाची शीर न शीर रेखाटलेली. झाडाजवळ एकट्याने तासन्‌तास बसल्यावाचून तसे काम होत नाही. तेव्हा त्या दिवशी व्यासपीठावर आपला मुद्दा बसला असेल, पण अध्यक्षाच्या खुर्चीत माझाही बसला होता.

नाना मनापासून आनंदले. आपल्या आवडत्या दाखल्याची दुसरी बाजू व्याह्यांनी दाखवावी आणि ती खरी असावी, याचा आनंद खऱ्या शिक्षकालाच होतो. त्यानंतर चर्चेचा रोख बदलला आणि दोघेही प्रत्यक्ष नियोजनाकडे वळले. जी गोष्ट सर्वांत सोपी वाटत होती, तीच येथे सर्वांत अवघड निघाली. ती म्हणजे भरीत.

जो वाचक खानदेशाबाहेरचा आहे, त्यास हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. चातुर्मासात वर्ज्य असलेले वांगे चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्यास भरताच्या रूपाने चढते, आणि तेथून थंडी सरेपर्यंत या मुलखात शेताशेतांतून भरिताच्या पंगती बसतात. वांगी मोठी, हिरवट, पांढऱ्या रेघांची, बी कमी आणि गर लोण्यासारखा असलेली; जळगावच्या या वांग्यास 2016 साली भौगोलिक निर्देशांकाचा मानही मिळाला. ती कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजावयाची, साल काढून ठेचावयाची, आणि तेलात परतलेली मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात व कोथिंबीर यांच्यासह एकजीव करावयाची; सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. पऱ्हाटीचा जाळ झरकन पेटतो आणि झरकन विझतो. त्या उतावळ्या जाळातच वांग्याला तो धुरकट स्वाद येतो, जो गॅसच्या शेगडीवर कधी येत नाही. नानांच्या मते भरितावाचून हिवाळ्यातली सहल म्हणजे अक्षतांवाचून लग्न. अप्पांचा भरितास विरोध नव्हता. त्यांचा विरोध जाळाला होता.

अप्पा : पद्मालयाभोवतीचे रान कोरडे पानगळीचे आहे. पौषात गवत पिवळे पडलेले असते, सागाची पाने खाली साचलेली असतात, वारा सुटतो. पऱ्हाटीची एक ठिणगी पुरे. आणि कायद्याचे म्हणाल तर 1927 च्या वन अधिनियमाने राखीव वनात आग पेटवणे गुन्हा ठरवलेले आहे. त्यास भरिताचा अपवाद नाही. आपल्याकडचे अंजनाचे झाड किती सावकाश वाढते, ठाऊक आहे ना? खडकाळ माळावर, जेथे दुसरे काही धड उभे राहत नाही, तेथे ते मुळे रुजवते. आणि आग लागली तर सर्वांत आधी त्याची कोवळी रोपे जातात.

नाना : मग माझ्या एका विद्यार्थ्याचे शेत आहे, एरंडोलच्या अलीकडे, रस्त्याला लागून. विहीर आहे, कपाशी उपटलेली आहे, पऱ्हाट्यांचा ढीग बांधावरच पडलेला आहे. जाळ तेथे करू. पण तेथे तळे नाही!

तेव्हा आतून विहीणबाई आल्या. त्या बराच वेळ ऐकत असाव्यात, कारण त्यांनी प्रस्तावना केली नाही.

"दोघांनीही एक गोष्ट ठरवलेली दिसत नाही," त्या म्हणाल्या, "की भाकरी कोण थापणार. तळे असो की शेत असो, तुम्ही पाणी बघत बसणार आणि आम्ही परातीपुढे बसणार, अशी सहल मला नको. माझे गुडघे आता दगडांवरून चालण्याजोगे नाहीत. मला तळ्याकाठी नुसते बसायचे आहे, सकाळच्या थंडीत, हातात काही काम नसताना. तेवढे मिळाले तर मी येते."

माझ्या मते त्या चर्चेत इतके नेमके वाक्य दुसरे कोणी बोलले नाही. निसर्गाच्या सान्निध्यात जाण्याविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्यात न्याहारी कोणी बांधली आणि भांडी कोणी घासली याचा उल्लेख क्वचितच येतो. ज्या विश्रांतीसाठी सहल काढावयाची, ती घरातल्या निम्म्या माणसांना मिळत नसेल, तर संख्या चौदा असो की चाळीस असो, त्या सहलीचा नकाशाच चुकलेला आहे. दोन्ही व्याह्यांना हे तत्काळ पटले, आणि यानंतरच्या अर्ध्या तासात जे दोन तासांत सुटले नव्हते ते पुष्कळसे सुटले.

दिवसाचे दोन भाग करावयाचे ठरले. पहाटे घरची तेवढी मंडळी पद्मालयास जातील. चतुर्थी टाळून, कारण त्या दिवशी देवळात रीघ असते आणि तळ्याच्या काठी उभे राहावयास जागा मिळत नाही. दर्शन झाल्यावर तळ्याच्या एका बाजूस बसावयाचे. विहीणबाईंसाठी घरूनच एक खुर्ची न्यावयाची. न्याहारी घरून नव्हे, तर वाटेत विकत घ्यावयाची, आणि ती पळसाच्या पत्रावळींवर. जे उरेल ते पोत्यात भरून परत. कमळ तोडावयाचे नाही, मूल कितीही रडले तरी. दहाच्या सुमारास ऊन चढले की तळे सोडावयाचे, आणि शेतावर यावयाचे. तेथे चाळीसच काय, पन्नास माणसे आली तरी अप्पांची हरकत नव्हती. भरीत आणि भाकरी दोन्ही पुरुषांनी करावयाची. नानांचे विद्यार्थी भरितात तरबेज होते, आणि अप्पांनी नोकरीच्या काळात साइटवरच्या तंबूत वर्षानुवर्षे स्वतःची भाकरी स्वतः थापली होती, ही गोष्ट त्या दिवशी मला प्रथमच कळली. मुलांची गाणी, खेळ, नानांचे बकासुराख्यान, हे सारे शेतावर, मोकळ्या गळ्याने.

अप्पा : एक सूचना आहे. तळ्याच्या काठी मुलांपैकी एकाला त्या दिवसापुरता पाटकरी करावा. पाण्याच्या अगदी कडेशी एका वेळी तिघांहून अधिक जाणार नाहीत; कोण केव्हा जाईल ते त्याने ठरवावे, आणि त्याचे आपणही ऐकावे. दुर्बीण एकच आहे; तिचीही पाळी त्यानेच लावावी.

नाना : थोरल्या नातीला करू. ती कोणाचेच ऐकत नाही. पाटकरी झाली की दुसऱ्यांनी ऐकावे असे तिला वाटू लागेल, आणि नियम कशासाठी असतो हे माझ्या व्याख्यानावाचून तिला कळेल.

अप्पा : मग तिला आधी एकदा माझ्याबरोबर पाठवा. नकाण्याच्या काठावरून पाणी किती उतरले हे कसे ओळखतात, वारकरी पक्षी आणि पाणकोंबडी यांत फरक काय, गाळाचा रंग पाहून पाणी कोठून येते हे कसे ताडतात, एवढे तिला दाखवतो. धुळ्याच्या नळाला येणाऱ्या पाण्यात या तलावाचा वाटा असतो, हेही तिने एकदा डोळ्यांनी पाहावे. पुण्यात पाणी नळातून येते एवढेच ती जाणते.

मतभेद अर्थात उरले. हरताळ्याचा प्रश्न तसाच राहिला. श्रावणबाळाची कथा लोक त्या तळ्याशी जोडतात, म्हणून नानांना तेथे शाळेच्या मुलांची सहल न्यावयाची होती. आणि ज्या काठावर मातापित्यांसाठी पाणी भरावयास आलेल्या मुलाची गोष्ट सांगतात, तेथे मुलांनीच गलका करावा हे अप्पांना रुचत नव्हते. त्यांचे म्हणणे, एका वर्गाची मुले चार तुकड्यांत, चार वेगळ्या दिवशी न्यावी. नानांचे म्हणणे, चार दिवसांची परवानगी आणि चार गाड्यांचे भाडे कोणती शाळा देईल? यावर अप्पांपाशी उत्तर नव्हते, आणि माझ्यापाशीही नाही. आमच्या गरीब शाळांतल्या मुलांनी पाणी आणि पक्षी पाहावेत ही इच्छा आणि ते पाहणे त्या पाण्यास सोसावे ही काळजी यांची सांगड घालण्याइतकी तजवीज आपल्या व्यवस्थेत अजून झालेली नाही. आणि ती होईपर्यंत कोणत्या तरी शिक्षकाला दरसाल एक बाजू निवडावी लागणार आहे. नानांनी आयुष्यभर निवडली ती बाजू मुलांची होती, आणि तिच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

यादी लिहून झाली. तळ्याच्या नावाखाली घरची माणसे, शेताच्या नावाखाली सारी. परवानगीसाठी काही लागते का, याची चौकशी वन खात्याच्या कचेरीत करण्याचे अप्पांनी अंगावर घेतले. शेतकऱ्यास निरोप धाडण्याचे नानांनी. कागदाची घडी घालता घालता नाना म्हणाले, "पुढल्या वर्षी मात्र तळ्याच्या रकान्यात शाळेची दहा मुले तरी घालीन."

"पुढल्या वर्षीचे," अप्पा म्हणाले, "आश्विनात तळ्यात पाणी किती साठले ते पाहून ठरवू."